पत्रिका नव्हे, वाढीचा आलेख

माझी थोरली बहीण उज्जैनला फ्रीगंजात राहते. तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. डोहाळजेवणाच्या गडबडीतच एके रात्री तिला इस्पितळात न्यावे लागले आणि ठरलेल्या दिवसांच्या नऊ आठवडे आधीच मुलगी झाली. वजन अवघे चौदाशे ग्रॅम. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे घरातल्या आजींनी, फोनवर पहिला प्रश्न विचारला, "जन्मवेळ नीट टिपून घेतली ना ग?" ते साहजिकच होते. महाकालाच्या नगरीत, जिथून प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा मानली, तिथे वेळेची चौकशी आधी व्हायचीच. डॉक्टरांनी मात्र जन्मवेळेकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी दुसरेच विचारले, "कितवा आठवडा चालू होता?"

घरात एक तास-मिनिटे मोजत होते, इस्पितळात आठवडे मोजत होते. या दोन प्रश्नांतला फरक आम्हाला पुढे नऊ महिन्यांनी कळला, तो जरा महागात पडून. म्हणूनच हा लेख.

मुलगी पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिली. मूळ तारखेच्या सुमारास तिच्या डोक्याचा एमआरआय झाला. रिपोर्टात मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बदल असल्याचे लिहिले होते आणि 'नियमित तपासणीस आणावे' असे खाली ठळक अक्षरात होते. आम्ही काय केले? मुलगी घरी आली, गाल भरले, बारसे थाटात झाले. वजन वाढतेय, दूध पितेय, मग कशाला लेकराला पुन्हापुन्हा दवाखान्याची हवा, असे सगळ्यांनाच वाटले. दोन तारखा चुकल्या. तो रिपोर्ट कपाटात, नव्या कोऱ्या जन्मपत्रिकेच्या शेजारी, पडून राहिला. यात दोष कुणा डॉक्टरांचा नव्हता. तो आमचा होता, आणि मी चार बुके शिकलेली मावशी असूनही त्यात सामील होते.

दोन वये

नवव्या महिन्यात आजी मुलीला तेल लावत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "हा डावा पाय माझ्या हाताला वेगळा लागतो. कडक आहे." शिवाय मुलगी बसतही नव्हती. मग धावाधाव झाली. बालरोगतज्ज्ञांनी सर्वांत आधी भाचीला एक गोष्ट समजावली. ती प्रत्येक आईला ठाऊक असायला हवी.

लवकर जन्मलेल्या बाळाला दोन वये असतात. एक पंचांगाचे, जन्मापासून मोजलेले. दुसरे डॉक्टर ज्याला दुरुस्त वय म्हणतात ते, म्हणजे प्रसूतीची मूळ तारीख धरून मोजलेले. नऊ आठवडे आधी आलेले बाळ पंचांगाने नऊ महिन्यांचे झाले, तरी हिशेबाने सातच महिन्यांचे असते. बसणे, रांगणे, बोलणे यांची तुलना साधारण दोन वर्षांपर्यंत या दुसऱ्या वयाशी करायची. तेव्हा आमची मुलगी बसत नाही याची इतकी चिंता नव्हती. चिंता होती ती एकाच पायाच्या कडकपणाची, कारण तो कोणत्याच वयाच्या हिशेबात बसत नव्हता.

असे का? गर्भाच्या पाचव्या महिन्यात मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला भराभर घड्या पडतात आणि पूर्ण दिवस भरताना तो सोललेल्या अक्रोडासारखा दिसू लागतो. जे बाळ एकतिसाव्या आठवड्यात बाहेर येते, त्याच्या मेंदूला हे घड्या घालण्याचे काम पोटाबाहेर, दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात करावे लागते.

जन्मानंतरही वेग थक्क करणारा असतो. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ८७ निरोगी बाळांच्या मेंदूची एमआरआयने मोजदाद प्रसिद्ध केली. जन्मल्याबरोबर मेंदू दिवसाला सुमारे एक टक्का वाढतो आणि तीन महिन्यांअखेर हा वेग सुमारे ०.४ टक्क्यांवर येतो, असे त्यांना आढळले. जन्मताच प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांश असलेला मेंदू नव्वद दिवसांत निम्म्याहून मोठा होतो. सर्वांत झपाट्याने वाढतो तो हालचालींचा तोल सांभाळणारा लहान मेंदू. तो या तीन महिन्यांत दुपटीहून अधिक होतो. इतक्या वेगाने बदलणाऱ्या वस्तूचे दोन महिन्यांनी चुकलेले वय धरले, तर सगळा हिशेबच चुकणार हे उघड आहे.

टाळूची खिडकी

आपल्याकडे बाळाची टाळू तेलाने भरण्याची जुनी पद्धत आहे. ती मऊ जागा डॉक्टरांच्याही उपयोगाची. हाडे जुळलेली नसल्याने सोनोग्राफीच्या लहरी तिथून आत जातात. बाळाला पेटीतून न हलवता मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का, हे पाहता येते. दीडेक वर्षात टाळू भरून येते आणि ही खिडकी बंद होते.

एमआरआय अधिक बारकाईने दाखवतो. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबकाने काम होते. लहान बाळाला बहुधा गुंगीचे औषधही लागत नाही. पोटभर पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, कानांवर आवाज रोखणारे झाकण लावायचे आणि झोपेतच चित्रे काढायची.

पण चित्र निघाले म्हणजे अर्थ लागला असे नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूच्या नेहमीच्या एमआरआय चित्रात आतला पांढरा भाग उजळ दिसतो आणि बाहेरचा करडा भाग गडद. नवजात बाळात हे उलटे असते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढते, आणि बाळाच्या बहुतेक तंतूंवर ते अजून चढलेले नसते. सहा महिन्यांच्या आसपास तर दोन्ही भाग जवळजवळ सारख्याच रंगाचे दिसतात. त्यामुळे मोठ्यांसाठी बनवलेले सॉफ्टवेअर बाळाच्या चित्रापुढे गोंधळते. बाळांसाठी वेगळी मोजणी उभी करावी लागते.

संगणक करतो काय?

शिंप्याकडे मापाचा नमुना ब्लाउज असतो. तुमचा ब्लाउज शिवताना तो नमुन्यावर कापड ठेवतो आणि इथे अर्धा इंच वाढवा, तिथे कमी करा, अशा खुणा करतो. संगणकही तेच करतो. आधी अनेक निरोगी बाळांच्या चित्रांवरून आठवड्या-आठवड्याचे सरासरी नमुने तयार होतात, अडतिसाव्या आठवड्याचा वेगळा, चाळिसाव्याचा वेगळा. मग एखाद्या बाळाचे चित्र त्याच्या आठवड्याच्या नमुन्यावर बसवायचे. बसवताना ते कुठे किती ताणावे लागले, कुठे दाबावे लागले, याची हजारो ठिकाणची नोंद संगणक ठेवतो. ही नोंद म्हणजेच त्या बाळाचे माप.

असे माप काही महिन्यांनी पुन्हा घेतले की वाढीचा वेग कळतो. तो सर्वसाधारण बाळांच्या पट्ट्यात आहे की एखाद्या भागात पट्ट्याबाहेर चालला आहे, हे आलेखावर दिसते. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यासारखेच हे, फक्त इथे वजनाच्या एका आकड्याऐवजी मेंदूच्या कोपऱ्याकोपऱ्याचा तक्ता असतो.

लंडनचे किंग्ज कॉलेज, इंपीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०१३ पासून गर्भातील व नवजात बाळांच्या मेंदूचे असे मोठे नकाशे तयार केले आणि जगभरच्या संशोधकांना खुले केले. २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात तर गर्भापासून शंभर वर्षांपर्यंतचा मेंदूच्या वाढीचा तक्ता आला. त्यासाठी एक लाखाहून अधिक माणसांची १,२३,९८४ चित्रे वापरली होती.

फूटपट्टी कोणाची?

इथे आपण जरा थांबले पाहिजे. त्या लाखभर माणसांत बहुसंख्य युरोप आणि उत्तर अमेरिकेतली होती, आणि ही उणीव संशोधकांनी स्वतःच मान्य केली आहे. उज्जैनच्या किंवा नंदुरबारच्या बाळाचा मेंदू लंडनच्या नमुन्यावर ताणून बसवावा का? आपल्या आयांचा आहार, रक्तक्षय आणि बाळांची वजने वेगळी आहेत. नमुनाच परका असेल तर निरोगी बाळावर दोषाचा शिक्का बसेल, किंवा खरा दोष नजरेतून सुटेल.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही आणि त्याचे उत्तर एका मराठी बाईंनी फार पूर्वी दिले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतील बेली यांच्या विकासमापन चाचण्या जशाच्या तशा उचलल्या नाहीत. भारतीय बाळांची प्रत्यक्ष मोजणी करून त्यांनी आपले प्रमाण ठरवले. ते बडोदा प्रमाण म्हणून ओळखले जाते. त्यातूनच पुढे 'डीएएसआयआय' ही मापनश्रेणी आली. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी असलेली ही श्रेणी देशभरच्या बालविकास केंद्रांत वापरली गेली. एमआरआयच्या कितीतरी आधी या बाईंनी खुळखुळे, ठोकळे आणि चिकाटी यांच्या जोरावर हे काम केले.

आपले प्रमाण नसेल तर काय होते याचा कडू धडा २०२१ साली मिळाला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवल्यास मेंदू वाचतो, असा श्रीमंत देशांचा अनुभव. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर त्याची रीतसर चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होते. बाळांच्या मेंदूचे एमआरआयही काढले गेले. निष्कर्ष उलटा निघाला. थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३१ टक्के. जे तिकडे तारते ते इकडे तारेलच असे नाही, हे मोजल्याशिवाय कळले नसते.

चेन्नईच्या आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' या नावाने गर्भातील मेंदूचा पेशी दिसतील इतका बारीक नकाशा जगापुढे ठेवला. त्यात ५,१३२ छेदांची चित्रे आहेत. हा जिवंत बाळाच्या तपासणीचा तक्ता नव्हे, तरी आपल्या मातीतल्या मेंदूंचा पायाभूत नकाशा इथेच घडू शकतो हे त्यातून दिसले.

चित्र किती खरे बोलते?

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. एवढ्या चित्रांवरून बाळाला पुढे काय होणार हे सांगता येते का?

काही अंशी येते. ज्यांच्या थोरल्या भावंडाला स्वमग्नता आहे अशा बाळांचे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात एमआरआय काढून अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली एक निरीक्षण मांडले. पुढे ज्यांच्यात स्वमग्नता दिसली त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग या सहा महिन्यांत अधिक वेगाने पसरला होता. या वाढीवरून संगणकाने ज्यांना धोका सांगितला, त्यांतील १०० पैकी सुमारे ८१ बाबतींत तो खरा ठरला. पण ही घरातच स्वमग्नता असलेली, संख्येने थोडी बाळे होती. तुमच्या-माझ्या घरच्या कोणत्याही बाळाला हा आकडा लावता येत नाही. आणि १०० पैकी १९ आईबापांना उगाच घोर लागला असता, हेही विसरू नये.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत तर आणखी बोलकी गोष्ट आहे. २०१७ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून पुराव्यांचा आढावा घेतला. पाच महिन्यांच्या आतल्या बाळात एमआरआय हा दोष सुमारे ८६ ते ८९ टक्के वेळा पकडतो. पण पाठीवर निजलेल्या बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली प्रशिक्षित डोळ्यांनी काही मिनिटे पाहिल्या, तर तो ९८ टक्के वेळा सापडतो. ही पद्धत डॉ. हाइन्झ प्रेश्टल यांनी घालून दिली. तिला यंत्र लागत नाही, साधा व्हिडिओ पुरतो. मात्र पाहणारा शिकलेला हवा. दोन्ही एकत्र वापरले तर पूर्वी दीड-दोन वर्षांनी होणारे निदान पाच महिन्यांच्या आतच होऊ शकते.

म्हणजे चित्र खोटे नाही आणि पुरेसेही नाही. एकच चित्र पाहून भविष्य सांगणे म्हणजे त्याची पत्रिका करणे झाले. पत्रिका जन्माच्या एका क्षणावर मांडतात आणि ती मग बदलत नाही. वाढीचा आलेख मात्र पुढच्या प्रत्येक भेटीत बदलू शकतो. एमआरआयमध्ये डाग असलेली काही मुले छान धावतात, कारण लहान मेंदू वळवावा तसा वळतो. उलट निर्दोष चित्राच्या मुलांनाही शाळेत अडचणी येतात.

पुण्याची चिकाटी

हा आलेख माणसांच्या चिकाटीने कसा काढता येतो याचे उदाहरण पुण्यात आहे. केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाची जी बाळे नवजात विभागात होती, त्यांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. घरे बदलली, गावे बदलली, तरी मुलांना शोधून बोलावले. त्यांतील बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली. मात्र पूर्ण वजनाच्या मुलांच्या तुलनेत सरासरी थोडी कमी होती, आणि बाराव्या वर्षी लेखन, गणित, डोळा-हाताचा मेळ यांत अडचणी दिसल्या. या अडचणी पहिल्या वाढदिवसाला दिसणाऱ्या नव्हत्या. पाठपुरावा सुटला असता तर 'मुलगा आळशी आहे' एवढेच म्हटले गेले असते.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची तपासणी होती. दृष्टी, श्रवण, फेफरे, वाचा, बुद्धी, स्वमग्नता यांसारख्या विकासाच्या अडचणींपैकी किमान एक अडचण २ ते ६ वर्षांच्या मुलांत ९.२ टक्के आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांत १३.६ टक्के आढळली.

आपल्या हाती काय आहे?

एमआरआयचे सॉफ्टवेअर आपल्या हातात नाही, पण फीत आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मताना साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एक आणि नंतर अर्धा सेंटिमीटर वाढतो. प्रत्येक लसीकरणाला वजनाबरोबर हा घेर मोजून लिहायला सांगा. एका आकड्याने घाबरू नका, आकड्यांची रेघ पाहा.

बाळ दुरुस्त वयाच्या दोन-तीन महिन्यांत तोंडाकडे पाहून हसते का? पाचव्या महिन्यापर्यंत मान धरते का? चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्याच राहतात का? वर्षाच्या आतच ते एकच हात वापरते का? शेवटच्या गोष्टीचे आपण 'डावखुरा होणार' म्हणून कौतुक करतो, पण ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. "त्याचा बापही उशिराच बोलला होता" हे वाक्य प्रेमाचे असले तरी त्याच्या भरवशावर सहा महिने घालवू नयेत.

तपासणीसाठी दर वेळी खिशाला खार लागतोच असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमध्येच झाली. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांची मोफत तपासणी त्यात आहे आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. दारात येणाऱ्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. ती मोडकळीस आल्यावर १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला. तिथल्या दगडी यंत्रावर एकदा सावली पाहून कुणी ग्रहाची चाल ठरवत नसे. रोज पाहायचे, लिहायचे, कालच्याशी ताडून बघायचे, हाच वेध. बाळाच्या मेंदूचा वेधही असाच घ्यावा लागतो.

आमच्या मुलीचे व्यायाम हिशेबाच्या सातव्या महिन्यात सुरू झाले. दोन तारखा चुकल्या नसत्या तर चौथ्यात झाले असते, ही रुखरुख आहे. ती दोन वर्षांची झाली तेव्हा चालू लागली. डाव्या पायात बूट-पट्टी आहे आणि ती अजून काही वर्षे राहील. बोलण्यात मात्र कुणाला हार जात नाही. परवा मी गेले तेव्हा आजींनी कपाट उघडून फाईल काढायला लावली. पत्रिका आपल्या जागी होती. तिच्या शेजारी आता घेर आणि वजनाच्या नोंदींची जाड वही आहे आणि पुढच्या भेटीची तारीख आजींनी स्वतः कालनिर्णयवर लाल शाईने गोल करून ठेवली आहे.